नवे कार्बन टाकूनही जुना ग्राइंडर ठिणग्याच मारतो, तेव्हा

लक्षणं बहुतेक ठिकाणी सारखीच असतात. वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला सात इंची ग्राइंडर एक दिवस चालता चालता बंद पडतो. कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) उघडून बघितले तर संपलेले. नवी जोडी टाकली की मशीन पुन्हा जोरात. पंधरवड्यात परत तोच प्रकार. या वेळी मागच्या जाळीतून ठिणग्यांचं गोल कडं दिसतं, जळका वास येतो, आणि दुकानदार म्हणतो, "हल्ली कार्बनच असले येतात हो." तिसरी जोडी पडेपर्यंत आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, काळं झालेलं असतं. मग "जुनं होतं, गेलं" म्हणून मशीन रॅकखाली सरकवलं जातं.

कार्बन झिजणारच, तो त्यासाठीच असतो. पण धड मशीनमध्ये रोजचं काम करूनही जोडी काही महिने निघते. ती पंधरा दिवसांत संपत असेल तर तिला कुणीतरी खातंय, आणि तो खाणारा सापडल्याशिवाय नवी जोडी टाकण्यात अर्थ नाही. माझ्याकडे येणाऱ्या मशीनांत हा खाणारा बहुतेक वेळा मागचं छोटं बेअरिंग निघतो, किंवा ते बेअरिंग ज्या खाचेत बसतं ती खाच. आर्मेचर जळतं ते नंतर. त्यामुळे आर्मेचर भरून (नव्या तारा गुंडाळून) आणायला धावण्याआधी खाली दिलेल्या क्रमाने बघा. मी इथे सात इंची ग्राइंडर धरलाय, पण चार इंची, ड्रिल, मार्बल कटर, लाकडाचा रंधा, कार्बनवर चालणाऱ्या सगळ्यांना हेच लागू.

थोडं आत काय चालतं ते. या मशीनांत फील्डची (बॉडीत स्थिर बसलेली) कॉइल आणि आर्मेचर एकाच वाटेवर, म्हणजे सिरीजमध्ये असतात. करंट एका फील्डमधून कार्बनात, कार्बनातून कम्युटेटरच्या (आर्मेचरच्या टोकाचं गोल कडं) तांब्याच्या पट्ट्यांत, आर्मेचर फिरून दुसऱ्या कार्बनातून बाहेर. सात इंचीवर ८५०० आरपीएम लिहिलेलं असतं ते डिस्कचं. मध्ये गिअर असल्यामुळे आर्मेचर त्याच्या तिप्पट वेगाच्या आसपास फिरतं. कम्युटेटरचा व्यास साधारण ३५ मिलिमीटर धरला तर कार्बनच्या तोंडाखालून सेकंदाला ४५ मीटरच्या आसपास तांबं घासत जातं. एवढ्या वेगात कम्युटेटर केसभर जरी हलला तरी कार्बन उडतो. उडाला की मध्ये हवा, आणि हवा आली की ठिणगी. ठिणगीने तांबं खरवडतं, खरवडलेल्या तांब्यावर कार्बन अजून उडतो. एकदा हे चक्र सुरू झालं की आठ-पंधरा दिवसांत जोडीचा फडशा.

मशीन न उघडता

प्लग बोर्डातून काढा. डिस्क काढून ठेवा. आता मल्टिमीटर सगळ्यात कमी ओहमच्या घरात ठेवून दोन्ही टोकं प्लगच्या फेज-न्यूट्रल पिनांना लावा आणि ग्राइंडरचा स्विच दाबा. सात इंचीत आकडा अगदी थोडका यायला हवा, बहुधा एक ते तीन ओहम. मीटरच्या वायरींचा स्वतःचा थोडा ओहम असतो, तो आधी टोकं एकमेकांना टेकवून बघून ठेवा आणि वजा करा. काहीच आकडा येत नसेल तर वायर मागून, जिथे ती रबरी बुटातून आत शिरते तिथे, वाकवून हलवून बघा. आकडा येतो-जातो? मग वायर आतून तुटलीय. चार इंच कापून परत जोडा, विषय संपला. अशी मशीनं लोक आर्मेचर गेलं म्हणून टाकून देतात, म्हणून हे पहिल्यांदा. (सॉफ्ट स्टार्टची, म्हणजे हळूहळू वेग घ्यायची, सर्किट असलेल्या नव्या मशीनांत असा आकडा मिळत नाही. जुन्यांत ती भानगड नसते.)

आकडा आला तर स्विच दाबलेला ठेवून स्पिंडल हाताने अगदी हळू फिरवा. आकडा थोडा खालीवर होईल, ते चालतं. पण आर्मेचरच्या फेऱ्यातल्या एखाद्या जागी तो एकदम गायब होत असेल आणि प्रत्येक वेळी त्याच जागी होत असेल, तर तिथली पट्टी जळलीय किंवा त्या पट्टीला जोडलेली तार सुटलीय. कुठेही, कसाही गायब होत असेल तर कार्बन नीट टेकत नाहीत.

काढलेला कार्बन फेकू नका

नवी जोडी टाकताना जुने कार्बन लगेच कचऱ्यात जातात, आणि निम्मी माहिती त्यांच्याबरोबर जाते. दोन्ही कार्बन उजेडात धरून शेजारी शेजारी बघा.

दोघांची झीज जवळपास सारखी असायला हवी. एक निम्मा आणि दुसरा संपलेला असेल तर बिघाड आर्मेचरमध्ये नाही, एकाच बाजूच्या होल्डरमध्ये किंवा स्प्रिंगमध्ये आहे. ती स्प्रिंग निळसर पडलीय का बघा. कार्बनच्या मागची तांब्याची वेणी तुटली किंवा ढिली झाली की करंट स्प्रिंगमधून जायला लागतो. स्प्रिंग तापून निळी पडते आणि तिचा जोर जातो. जोर गेलेली स्प्रिंग कार्बन दाबून धरत नाही. मग नवा कार्बन कितीही चांगला आणा, तो ठिणग्या मारणारच. स्प्रिंग ताणून लांब करून परत बसवणारे कारागीर आहेत. ती दोन दिवस दाबते, तिसऱ्या दिवशी पुन्हा बसते. नवी आणा, स्वस्त असते.

कार्बनचं तोंड चकचकीत, एकसारखं काळं असेल तर उत्तम. तोंडावर बारीक खड्डे आणि मागची कड जळून पांढरट झालेली असेल तर विजेचा दोष, म्हणजे आर्मेचर किंवा फील्ड. कड तुटून कपच्या उडालेल्या असतील तर कार्बन उडतोय: बेअरिंग, वाकडा कम्युटेटर किंवा पट्ट्यांमधला अभ्रक वर आलेला. कार्बनचं अंग एका बाजूने घासून चमकलं असेल तर तो होल्डरमध्ये तिरका बसतोय.

मापाचं थोडं सांगतो, कारण इथे खूप जण फसतात. कार्बन होल्डरमध्ये स्वतःच्या वजनाने खाली सरकला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. मापाचा मिळाला नाही म्हणून मोठा आणून कानशीने घासणं चालतं, फक्त चारही बाजू सरळ राहायला हव्यात. काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासा. हातात धरून कानस मारली की कार्बन निमुळता होतो, आणि निमुळता कार्बन अर्धा झिजला की होल्डरमध्ये अडकतो. नरम-कडकचाही फरक असतो. फार नरम कार्बन लवकर संपतो आणि मशीनभर काळी धूळ करतो. फार कडक असला तर स्वतः टिकतो आणि कम्युटेटर खातो, जे जास्त महागात पडतं. मशीनच्या मॉडेल नंबरावर मिळणारा कार्बन असेल तर दहा-वीस रुपयांसाठी दुसरा घेऊ नका.

कम्युटेटर

चांगला कम्युटेटर लखलखीत तांबूस नसतो. चॉकलेटी, एकसारखा, गुळगुळीत असतो. तो रंग घासून काढायची अनेकांना खाज असते. काढू नका, तो थर कार्बनला सरकायला मदत करतो.

सगळ्या पट्ट्या सारख्याच काळ्या पडल्या असतील तर आधी कार्बन-बेअरिंग बघा. एक-दोन शेजारच्याच पट्ट्या जळून कड्या खाल्लेल्या दिसल्या, बाकी ठीक, तर त्या पट्टीची कॉइल तुटलीय किंवा पट्टीच्या कानाशी तारेचा जोड सुटलाय. भिंग लावून तो जोड बघा, कधी कधी तार कानातून उचललेली स्पष्ट दिसते.

पट्ट्यांवर कार्बनच्या रुंदीची खोलगट वाट पडली असेल तर लेथवर अगदी हलका कट घ्यायला सांगा, आर्मेचर त्याच्या बेअरिंगच्या जागांवर धरून. त्यानंतरचं काम लेथवाले सहसा करत नाहीत, ते तुम्हाला करायचंय: पट्ट्यांमधला अभ्रक तांब्यापेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर खाली कोरून घेणं. तांबं झिजलं आणि अभ्रक तिथेच राहिला की तो वर डोकावतो आणि कार्बनला दर पट्टीला ठोकर बसते. हॅकसॉच्या ब्लेडचा तुकडा ग्राइंडरवर बाजूने घासून पातळ करा, मागे कापडाची मूठ गुंडाळा आणि एकेक खाच ओढत जा. घाई केली तर ब्लेड उडून तांब्यावर ओरखडा पडतो. शेवटी कड्यांची कूस झिरो नंबर कागदाने काढा, खाचांतला चुरा जुन्या टूथब्रशने साफ करा. इथे एमरी पेपर वापरायचा नाही. त्याचे कण तांब्यात आणि कार्बनात रुततात आणि पुढे घासतच राहतात.

मीटरवर आर्मेचर तपासायचं तर शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांमधला ओहम मोजत पूर्ण फेरी मारा. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादी जोडी एकदम जास्त दाखवत असेल तर तिथे तार तुटलीय. शून्याकडे झुकत असेल तर शॉर्ट. कोणतीही पट्टी आणि शाफ्ट यांत काहीही आकडा यायला नको. पण साध्या मीटरला मर्यादा आहे: कॉइलचे दोन-चार वेढेच आपसात चिकटले असतील तर तो सापडेलच असं नाही. त्यासाठी वाइंडिंगवाल्याकडे ग्राउलर असतो. त्यावर आर्मेचर ठेवून वर हॅकसॉ ब्लेड धरून फिरवलं की शॉर्ट खाचेवर ब्लेड थरथरतं. हे काम दोन मिनिटांचं आहे, समोर उभं राहून करून घ्या.

फील्डच्या दोन कॉइल वेगवेगळ्या मोजून तुलना करा. दोन्ही सारख्याच हव्यात. फील्डमध्ये शॉर्ट असला की एक चमत्कारिक गोष्ट दिसते: मशीन मोकळं असताना नेहमीपेक्षा जास्त सुसाट पळतं, ठिणग्या भरपूर, आणि लोखंडाला टेकवलं की दम तोडतं. "आवाज तर एकदम फुल आहे" म्हणून मालकाला ते मशीन चांगलंच वाटत असतं.

मागचं बेअरिंग

आता मुख्य संशयित. दोन्ही कार्बन काढा, मशीन बंद, प्लग बाहेर. कार्बनच्या भोकातून लाकडाची काडी (पेन्सिल नको, तिच्यातलं शिसं वीजवाहक) कम्युटेटरवर टेकवून आडवं दाबा, मग सोडा. हाताला किंचितही टकटक लागली तर मागचं बेअरिंग ढिलं आहे. ही साधी चाचणी मला मीटरपेक्षा जास्त उपयोगी वाटते. लेथवाल्याकडे हेलकावा मोजायची डायल असेल तर कम्युटेटरवर लावून बघा. दोन-तीन शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त हेलकावा या वेगाला चालत नाही.

आर्मेचर बाहेर काढल्यावर त्याच्या लोखंडी पत्र्यांवर एका बाजूला चमकदार घासलेला पट्टा दिसतोय का ते बघा. असेल तर आर्मेचर फील्डला घासत होतं, आणि बेअरिंगचं निदान तिथेच झालं. बेअरिंग बोटावर फिरवा. खरखर, अडखळणं, जांभळट डाग, यांतलं काहीही दिसलं तर बदला. नंबर त्यावरच कोरलेला असतो. दुकानात जुनं बेअरिंगच घेऊन जा आणि नंबरापुढची अक्षरंसुद्धा तीच मागा. मूळ बेअरिंगला रबरी झाकण असताना पत्र्याच्या झाकणाचं स्वस्त बेअरिंग टाकलं तर फॅब्रिकेशनच्या शेडमधली लोखंडी धूळ थोड्याच दिवसांत आत शिरते. बाजारात नकली बेअरिंगं भरपूर आहेत, त्यामुळे सीलबंद खोक्यातलं घ्या. बसवताना हातोडी बाहेरच्या कड्यावर मारायची नाही. आतल्या कड्याएवढ्या व्यासाचा पाइप घेऊन त्यावर दाबा.

आणि बेअरिंग नवं असूनही कार्बन संपत असतील तर खाच बघा. पुष्कळ जण इथवर येतच नाहीत. जुनं बेअरिंग जाम झालेलं असताना मशीन चालवलं गेलं की बेअरिंगचं बाहेरचं कडंही बॉडीत गोल फिरतं आणि स्वतःची जागा मोठी करून ठेवतं. प्लॅस्टिकच्या बॉडीत तर वितळवून. मग नवं बेअरिंग त्यात हाताने टाकलं तरी पडतं. काही मशीनांत बेअरिंगवर रबरी टोपी असते, ती कडक होऊन चिरते. ती स्वस्तात बदलता येते, नशीब समजा. टोपी नसेल तर गॅरेजमधला नेहमीचा इलाज म्हणजे खाचेत पंच मारून टिंब उठवायचे किंवा बेअरिंगला कागद, पत्रा, टेप गुंडाळायचा. टिंब थोड्याच दिवसांत सपाट होतात आणि पत्रा एका बाजूला जास्त आला की आर्मेचरचा मध्य सरकतो. धातूची खाच असेल आणि फट अगदी बारीक असेल तर बेअरिंग पक्कं करायचं रसायन मिळतं, ते टिकतं. प्लॅस्टिकची खाच वितळली असेल तर मागची बॉडी नवीच घ्या. दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

गिअरच्या बाजूचं बेअरिंगही याच वेळी बघून घ्या. गिअरबॉक्समध्ये ग्रीस ठासून भरायची सवय असेल तर ते तापून आर्मेचरच्या बाजूला येतं. कम्युटेटरवर ग्रीस आणि कार्बनची धूळ एकत्र आली की पट्ट्यांमध्ये काळा चिखल बसतो आणि शॉर्ट होतो. ग्रीस निम्मं पुरे.

वायर आणि दाब

मशीनमध्ये काहीच सापडलं नाही तर बाहेर बघा. सात इंची साधारण २००० वॅटचं, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर खातं. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या ३० मीटर एक्स्टेंशनमध्ये जाऊन-येऊन ६० मीटर तार होते आणि तिथेच ९ ते १० व्होल्ट जातात. चालू होताना करंट काही पट असतो तेव्हा कितीतरी जास्त. त्यात गावाकडे शेतीपंप सुरू असतात तेव्हा बोर्डातच २०० मिळत नाहीत. कमी व्होल्टेजला मशीनचा दम कमी पडतो, म्हणून कारागीर अंगाचा भार टाकून दाबतो. वेग पडतो, करंट वाढतो, आणि त्याच शाफ्टवरचा पंखा हळू झाल्यामुळे वाराही कमी. वायर अडीच चौरस मिलिमीटरची घ्या आणि गुंडाळी पूर्ण सोडून वापरा. दाबून काम झालं की मशीन अर्धा-एक मिनिट मोकळं पळू द्या, मग बंद करा.

नवी जोडी बसवताना कम्युटेटरवर झिरो नंबर कागदाची पट्टी खरबरीत बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, कार्बन त्यावर टेकवून आर्मेचर हाताने फिरवा, म्हणजे कार्बनच्या तोंडाला कम्युटेटरची गोलाई येईल. धूळ फुंकून काढा आणि दहा मिनिटं बिनडिस्क चालवा. सुरुवातीला थोड्या ठिणग्या असतील, त्या कमी होत जायला हव्यात. कार्बनच्या मागच्या कडेला निळसर, बारीक, जागच्या जागी लुकलुकणाऱ्या ठिणग्या चालतात. पिवळ्या, लांब, कम्युटेटरभर फिरणाऱ्या ठिणग्या दिसल्या तर लगेच बंद करा. आठवड्याने कार्बन काढून व्हर्निअरने लांबी मोजा आणि मशीनवरच मार्करने लिहून ठेवा.

किती खर्च करावा

फक्त कार्बन, बेअरिंग, टोपी, स्प्रिंग असेल तर विचार न करता दुरुस्त करा. फील्ड भरून घ्यायला हरकत नाही, ती जागेवर स्थिर असते. आर्मेचर भरण्याबद्दल माझं मत वाईट आहे. एवढ्या वेगाला तारा घट्ट बांधलेल्या, वार्निश आतपर्यंत मुरवून भाजलेलं आणि आर्मेचर बॅलन्स केलेलं हवं. गल्लीतले बहुतेक वाइंडिंगवाले बॅलन्स करत नाहीत. न बॅलन्स केलेलं आर्मेचर नवीन बेअरिंग झिजवतं, बेअरिंग कार्बन झिजवतं, म्हणजे आपण परत पहिल्या जागी. नवं आर्मेचर मिळत असेल तर तेच घ्या. मुलुंडच्या राली वुल्फची किंवा शिरोळच्या केपीटीची (कुलकर्णी पॉवर टूल्स) जड बॉडीची जुनी मशीनं अजून शेडमध्ये दिसतात. तसल्या मशीनचा गिअर आणि धातूची खाच शाबूत असेल तर नव्या आर्मेचरचा खर्च मी करतो. आर्मेचर, फील्ड दोन्ही जळलेले आणि बॉडीची खाच गेलेली असेल तर करत नाही.

धातूच्या बॉडीच्या जुन्या मशीनचं अजून एक. आत साठलेली कार्बनची धूळ वीज बॉडीपर्यंत आणते. मशीन मुंग्या आणत असेल तर ब्लोअरने साफ करून वाइंडिंगवाल्याकडे मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) तपासून घ्या, आणि तीन पिनांचा प्लग व चालू अर्थिंग नसेल तर ते चालवूच नका. साफ करूनही मेगर खालीच दाखवत असेल तर ते मशीन संपलं. गिअर, स्पिंडल, फ्लँज, गार्ड, बाजूचा दांडा काढून ठेवा, पुढच्याला उपयोगी पडतात. भंगारात देण्याआधी वायर बॉडीजवळून कापा, नाहीतर कुणीतरी ते उचलून प्लग लावून बघतंच.